पर्यायांचे गोडवे

व्हीगन मिष्टान्नांविषयी अलीकडे मराठीत जे लिहिले जाते, त्याचा सूर ठरून गेला आहे. बासुंदी करा, पण बदामाच्या दुधाची. श्रीखंड करा, पण काजूचे. खीर करा, पण ओटच्या दुधातली. आक्षेप आहे तो या 'पण'ला. ज्या पदार्थाचा जीव आटवलेल्या दुधात आहे, त्यातून दूध काढून घ्यायचे आणि नाव मात्र तेच ठेवायचे, हे दुबळ्या रूपांतरासारखे झाले. अशा रूपांतरात वाचकाला ओळीओळीला मूळ संहिता आठवत राहते आणि 'मुळाची सर नाही' हा निकाल आधीच लागलेला असतो.

मराठी स्वयंपाकघराला दुधावाचून गोड करता येत नव्हते काय? 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडवला गेला. कोकणातल्या शिरवळ्यांना त्या शब्दाची वाट पाहावी लागली नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे पाण्यात उकळून गरम असतानाच शेवग्यातून दाबायचे आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात वाढायचे. पहिला दाट रस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तो फुटतो, कौशल्य एवढेच. बरक्या फणसाच्या रसातले सांदण, जून काकडीचे धोंडस, हळदीच्या पानातल्या पातोळ्या यांचेही दुधावाचून काही अडत नाही. तूप लागते ते बहुधा रवा परतायला किंवा वरून वाढायला आणि रवा कोरडाही भाजता येतो. येथे नारळाचा रस हा गाईच्या दुधाचा पर्याय नाही. तोच मूळ पाठ आहे.

तरीही हा पाठ मागे पडला, कारण आपली पक्वान्नांची प्रतवारी दूधदुभत्याच्या श्रीमंतीवर बेतलेली आहे. 'साजूक तुपातले' हे विशेषण आपण पदार्थापुरते ठेवत नाही; माणसाला लावतो, लेखनालाही लावतो. ज्या समीक्षेने साजूक तुपातल्या साहित्यावर इतके कोरडे ओढले, तिने ताटातली ही श्रेणी मात्र मुकाट्याने मान्य केली. जुन्या प्रतवारीतून सुटू पाहणारा नवा व्हीगन लेखकही नक्कल करतो ती बासुंदीचीच.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. कल्याणजवळचे मोहने घ्या. उल्हास नदीकाठच्या या गावाची ओळख नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याशी बांधली गेली होती. तो २००९ मध्ये बंद पडला. पगाराच्या तारखेवर चालणाऱ्या घराची ती तारीखच नाहीशी झाल्यावर तेथे कोणी बदामाच्या दुधाच्या खोक्याला आरोग्याची पहिली अट म्हणावे, हे अज्ञान नव्हे तर उद्दामपणा आहे. नारळ, गूळ आणि तांदूळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात. प्राण्यांविषयीची करुणा ही खिशाची ऐट ठरली, तर ती नैतिक भूमिका राहत नाही. मिरवण्याची वस्तू होते.

परंपरेच्या नावाने डोळे मिटण्याचेही कारण नाही. गूळ आणि साखर यांच्या उष्मांकांत नाव घेण्याजोगा फरक नाही. मधुमेह्याला गूळही साखरच आहे. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त असतो. दूध वगळले म्हणून पदार्थ आरोग्यदायी होत नाही. तो होतो गोडाचे प्रमाण आवरल्याने. पिकल्या फणसाला स्वतःचीच गोडी असते, म्हणून सांदणात गूळ हात राखून घालता येतो. धोंडसात काकडीचा कीस भरपूर घालून रवा कमी करता येतो. वाटी लहान ठेवावी, हे तर कोणत्याही गोडाला लागू आहे.

तेव्हा व्हीगन गोडाच्या पुरस्कर्त्यांनी आधी हा 'पण' सोडावा. बासुंदी बासुंदीच्या जागी राहू द्या. ज्यांना दूध नको त्यांनी शिरवळ्यांना शिरवळ्याच म्हणावे, आणि त्या कशासारख्या लागतात हे सांगत बसू नये.