ई२० पेट्रोल आणि जुनी फियाट: इंजिन तेच, इंधन मात्र बदललं

गेल्या पावसाळ्यात आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी दोन-अडीच महिने बिल्डिंगखाली उभी होती. नंतर चोक ओढून सुरू केली, तर झाली सुरू. पण घोडबंदरच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आचके द्यायची. मिस्त्रींनी प्लग काढून दाखवले. एरवी फिकट तपकिरी दिसणारं टोक पांढरं पडलं होतं. "अरे, पेट्रोल कमी पडतंय हिला, हवा जास्त जातेय," ते म्हणाले. टाकी तर अर्धी भरलेली! मग पेट्रोल कमी कसं पडलं?

या प्रश्नाचं उत्तर फक्त जुन्या गाडीच्या हौशी लोकांपुरतं नाही. ई२० वरून सध्या जो वाद चाललाय, तो नीट समजून घ्यायला हे जुनं इंजिन फार उपयोगी पडतं.

हे इंजिन आलं कुठून?

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचा मूळ आराखडा १९३७ चा, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या काळातला. १९५३ मध्ये ते नव्या बांधणीच्या फियाट ११०० मध्ये बसलं आणि पुढे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात साधारण २००० पर्यंत बनत राहिलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा निरोप झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे एकाच आराखड्यानं साठ वर्षांहून जास्त काळ काढला.

या काळात इंधन मात्र बदलत गेलं. आधी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते व्हॉल्व्हच्या बैठकीचं झिजण्यापासून रक्षण करायचं. २००० मध्ये देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आता इथेनॉल आलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठल्याचं सरकारनं जाहीर केलं. मूळ धोरणात हेच उद्दिष्ट २०३० चं होतं.

जेटचं गणित

१ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. हिशेब केला तर ई२० ला १३.५ च्या आसपास हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन आठ-नऊ टक्के जास्त द्यावं लागतं.

नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा जास्त झाली की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. पद्मिनीच्या कार्बोरेटरमध्ये असलं काही नाही. तिथे असतो जेट, म्हणजे पितळेचा बारीक भोकाचा तुकडा. भोकाचा आकार ठरलेला. सॉफ्टवेअरमध्ये एखादा आकडा हार्डकोड केलेला असतो ना, अगदी तसा. इंधन बदललं, आकडा तोच राहिला. म्हणून मिश्रण पातळ झालं, प्लग पांढरे पडले आणि चढावर दम लागला. मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिलं ते हेच.

मायलेजचंही तसंच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई२० मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, हा फायदा खरा आहे. पण तो वसूल करायला जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन लागतं. पद्मिनीचं कॉम्प्रेशन आजच्या मानानं कमी, त्यामुळे तिच्या वाट्याला तोटा पूर्ण आणि फायदा जवळपास शून्य.

खरा धोका रबरात आहे

आचके सहन होतात. काळजीची गोष्ट वेगळी. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. पेट्रोलचे पाइप आणि इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा पडदा, दोन्ही रबराचे. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर आग लागू शकते.

दुसरी गोष्ट पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं साठलेला चिकटा इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टर, जेट तुंबवतो.

मग करायचं काय?

आधी रबर. पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं किट, सगळं इथेनॉल चालेल असं घ्या. पाइप वरून चांगला दिसला तरी बदला. दोन-तीन टाक्या झाल्या की फिल्टर बदला. मग जेट एक नंबर वर. १२० चा जेट म्हणजे १.२० मिमीचं भोक. १२५ चा लावला की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, हिशेब बरोबर जुळतो. तुमच्या जेटवरचा नंबर वाचूनच ठरवा, भोक कोरून मोठं करू नका. नंतर प्लगचा रंग पुन्हा पाहा. आणि गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी फिरवा.

आमच्या गाडीला एवढं केलं आणि ती पुन्हा चढ चढायला लागली.

धोरणाचं काय?

इथेनॉलचे फायदे खोटे नाहीत. तेलाची आयात कमी होते, आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना त्यात थेट रस आहे. प्रश्न बदलाच्या पद्धतीचा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या गाड्यांसाठी २०२५ पर्यंत ई१० चालू ठेवायचा विचार होता. ब्रिटननं २०२१ मध्ये ई१० आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई५ सुपर ग्रेडमध्ये ठेवलं. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

आम्ही एपीआय बदलतो तेव्हा जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवतो आणि आधी कळवतो. इथे निदान कळवणं तरी व्हायला हवं होतं: पंपावर ठळक लेबल, आणि कुठल्या गाडीचा कुठला पार्ट बदलायचा याची कंपन्यांकडून यादी. पद्मिनीवाल्यांकडे मिस्त्री आहेत, जेट आहेत, पाना-स्क्रू ड्रायव्हरनं उघडणारं इंजिन आहे. पण दहा-पंधरा वर्षं जुनी कार्बोरेटरवाली बाइक किंवा स्कूटर घेऊन रोज कामावर जाणाऱ्याला हे सांगणार कोण? तुमच्या घरात अशी एखादी गाडी असेल, तर या रविवारी एवढंच करा: पेट्रोलचा पाइप बोटांनी दाबून बघा. मऊ, चिकट किंवा चिरलेला वाटला, तर सोमवारची वाट पाहू नका.