स्त्रियांचा तुरुंग आणि आमचा बोलपट

स्त्रियांच्या बंदिवासांत रडण्यापलीकडे काय घडणार, त्यावर बोलपट कसला काढावयाचा, असें म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांस वांदा याकुबोव्स्का या पोलिश बाईनें १९४८ सालींच उत्तर दिलें. ती स्वतः ऑशविट्झच्या छळछावणींतील बंदिवान. 'शेवटचा टप्पा' हा तिचा बोलपट त्याच छावणींत चित्रित झाला. त्यांतील रशियन डॉक्टरीण, पाहणीस आलेल्या परक्या मंडळींस खरें तें सांगतां यावें म्हणून, जर्मन वाक्यें घोकते आणि त्यापायीं जीव गमावते. हें नाट्य नव्हे, तर नाट्य म्हणावें तरी कशास?

आतां आमच्याकडे पाहा. आणीबाणींत (१९७५-७७) आमच्याच पुणें जिल्ह्यांतील येरवड्यास अहिल्या रांगणेकर व प्रमिला दंडवते कैदेंत होत्या. मृणाल गोरे अकोल्यास. (त्या जाचाची ऑशविट्झशीं बरोबरी कोणी शहाणा करणार नाहीं; आम्हीही करीत नाहीं.) महागाईविरुद्ध लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या या बायका गजांआड गेल्या, आणि १९७७ त अहिल्याबाई व मृणालताई लोकसभेंत निवडून आल्या. ऐतिहासिक तलवारबाजीवर ओतल्या जाणाऱ्या पैशाच्या दशांशांत त्या कोठड्या पडद्यावर येतील. प्रेक्षक येणार नाहींत, ही निर्मात्यांची सबब आम्हांस मान्य नाहीं. आमच्या सोमेश्वरनगरांत एकदां दाखवून तर पाहा!