मोटारसायकलची तेलगळती

बंगळूरच्या शिवाजीनगरात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत. मात्र तेथे जाण्यापूर्वी तेल नेमके कोठून गळते हे पाहिले पाहिजे. वाऱ्याने तेल मागे पसरते. त्यामुळे ओल दिसते तेथेच दोष असतो असे नाही. थंड इंजिन रॉकेलने स्वच्छ करून कोरडे पुसावे, खालच्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी व उघड्यावर पाच मिनिटे इंजिन चालवावे. पावडर जेथे प्रथम भिजेल ती गळतीची जागा.

१९५५ साली मद्रासला जुळणी सुरू झालेल्या बुलेटच्या जुन्या इंजिनांत तेल काढण्याचे बूच ही नेहमीची संशयित जागा होय. ते जोराने आवळण्याचा मोह टाळावा. ॲल्युमिनियमचे आटे गेले की वॉशरचे काम इंजिनावर बेतते. तेल डब्यात काढून बुचाचा तांब्याचा वॉशर पाहावा. वापराने तो कठीण झालेला असतो. लाल होईतो तापवून पाण्यात बुडविला की पुन्हा मऊ होतो. चिरला असल्यास नवा आणावा, व दुकानात जुना नमुन्यास न्यावा. तोंडी सांगितलेले माप फसवते.

मागच्या टायरवर तेल उडाले असल्यास तो साबणाच्या पाण्याने धुतल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये. वळणावर तेवढ्यानेही चाक घसरते.