खेळलेला माणूस आणि सांगणारा माणूस



फुटबॉलचा विश्वचषक आला की आपल्याकडेही घरोघर पोरं रात्र जागवतात. तुम्हीही कधी त्यांच्याबरोबर बसला असाल. मध्यंतर झालं की पडद्यावर कोट घातलेली तीन-चार माणसं गप्पा मारताना दिसतात. ही बहुतेक जुनी खेळाडू मंडळी. नातू म्हणतो, "यांची बडबड कशाला ऐकायची?" आजोबा म्हणतात, "अरे, खेळलेली माणसं आहेत, ऐकावं त्यांचं." मला विचाराल तर दोघांचंही निम्मं खरं आहे.

ही रीत इंग्लंडात चांगली रुजली. बी. बी. सी. वर १९६४ साली 'मॅच ऑफ द डे' हा कार्यक्रम सुरू झाला. १९७० च्या विश्वचषकाला आय. टी. व्ही. ने खेळातलीच माणसं एकत्र बसवली आणि त्यांचे वाद लोकांना सामन्याइतकेच आवडले. तेव्हापासून खेळ सोडला की खुर्ची, असं कितीकांचं झालं.

पण खेळता येणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं. आपल्याच गावात बघा. ज्याचा ऊस दर साली जोरात येतो त्याला विचारा, कसं काय जमतं? तो म्हणतो, "मेहनत केली, देवानं दिलं." खोटं नाही बोलत बिचारा, पण आपल्या पदरात काय पडलं? दुसरा एखादा म्हणतो, "लागण उशिरा झाली, त्यात एक पाणी चुकलं, म्हणून फुटवे कमी आले." याचं पीक थोडं कमी असेल, पण याच्याकडून आपण शिकतो.

टी. व्ही. वरही तसंच. "जिद्द कमी पडली", "मन लावून खेळले नाहीत" हे तर तुम्ही-आम्हीही सांगू. ॲलन हॅन्सन हे लिव्हरपूलचे बचावपटू, संघाबरोबर आठ वेळा इंग्लंडची लीग जिंकलेले. ते गोलाचं चित्र थांबवून दाखवत, की चेंडू इथे असला तरी चूक तिकडे झाली. बचावातला एकजण जागा सोडून पुढे गेला आणि मागे वाट मोकळी राहिली. आपली नजर चेंडूमागे धावते, त्यांची रिकाम्या जागेवर असे. खेळलेल्या माणसाचा उपयोग तो हाच.

तरी असा जाणता माणूसही चुकतो. ऑगस्ट १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून ३-१ ने हरलं. संघात पोरंच फार होती. हॅन्सन म्हणाले, पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. त्याच हंगामात त्या पोरांनी लीगही जिंकली आणि एफ. ए. चषकही! ते बोल हॅन्सनना कायमचे चिकटले.

त्या दिवशी हरलेल्या पोरांत एक गॅरी नेव्हिल होता. २०११ साली खेळ सोडून तोही स्काय वाहिनीच्या खुर्चीवर बसला आणि इतकं बारकाईनं सांगू लागला की लोक वाहवा करू लागले. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया संघानं त्याला प्रशिक्षक नेमलं. फेब्रुवारीत बार्सिलोनानं त्या संघाला ७-० असं लोळवलं आणि मार्चअखेर त्याला घरी पाठवलं. चार महिनेही पुरे झाले नाहीत. तो पुन्हा खुर्चीवर आला, आणि लोकांनी त्याला पुन्हा ऐकलं. बांधावरून नांगराचा तास वाकडा दिसतो खरा, पण बैल हाकताना तो सरळ ठेवणं निराळं. म्हणून दिसलेलं सांगूच नये असंही नाही.

तेव्हा मंडळी, पुढचा सामना बघताना नाव किती मोठं ते बघू नका. आपल्याला न दिसलेलं त्यानं दाखवलं का, आणि 'का' ते सांगितलं का, एवढंच बघा. दाखवलं असेल तर नातवाला म्हणा, आवाज वाढव. नसेल तर तेवढ्यात उठून गोठ्यात वैरण टाकून या.