एका फेरीचा हिशेब

अमेरिकेत मिल्वॉकी शहराला लागून ग्रीनफिल्ड नावाचे उपनगर आहे. लेकीकडे मुक्कामास असताना तेथील एका उद्यानात आम्ही उभयता सायंकाळी फिरावयास जात असू. उद्यानाला नाव अॅलन कुल्विकी यांचे. मला वाटले, कोणी दानशूर व्यापारी असावेत. परंतु हे नाव काढताच, एरवी हवामानापलीकडे न बोलणारी तेथील वडीलधारी मंडळी अर्धा अर्धा तास बोलत राहत. त्यांच्या लेखी तो अजून ‘आपला अॅलन’च होता.

बाजारातील मोटारींच्या घाटाच्या गाड्यांची जी शर्यत तिकडे चालते, तिला स्टॉक कार रेसिंग म्हणतात. 1954 साली जन्मलेला अॅलन हा शर्यतीची इंजिने बांधणाऱ्याचा मुलगा. मिल्वॉकीच्या विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो आसपासच्या लहान धावपट्ट्यांवर शर्यती खेळला आणि पुढे सर्व काही विकून नॉर्थ कॅरोलिनाकडे निघाला. निघण्याच्या तोंडावरच त्याची मालवाहू गाडी जळाली. दुसरी उसनी घेऊन गेला. चालकही तोच, मालकही तोच! बँकेत असताना असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो बहुधा परतच पाठवला असता.

1988 मध्ये फिनिक्स येथे पहिला विजय मिळताच त्याने गाडी उलट्या दिशेने फिरवली. शर्यत डावीकडे वळत चालते, त्यामुळे चालकाची खिडकी मैदानाच्या आतल्या बाजूस राहते. उलटे फिरल्याने प्रेक्षकांना हात दाखवता आला. पुढे ज्युनियर जॉन्सन या नामवंत संघमालकाने दहा लाख डॉलर देऊ केले. अॅलनने नकार दिला. पगारदार होण्यापेक्षा स्वतःची पेढी बरी, हे आपल्या घरांतून वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

15 नोव्हेंबर 1992 रोजी अटलांटा येथे वर्षाची शेवटची शर्यत झाली. अॅलनच्या फोर्ड थंडरबर्ड गाडीवरील नावातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे त्या दिवशी काढली होती, म्हणजे वाचताना ‘अंडरबर्ड’ होई. दुबळ्या समजल्या गेलेल्या स्पर्धकाची ती स्वतःचीच थट्टा. गुणांत आघाडीवर असलेल्या डेव्ही अॅलिसनची गाडी अपघातात सापडली. उरले अॅलन आणि बिल इलियट. इलियटची गाडी कोणाची? ज्युनियर जॉन्सनचीच!

सर्वाधिक फेऱ्यांत आघाडी राखणाऱ्यास पाच जादा गुण असत. अॅलनच्या संघाने ही आकडेमोड शर्यत चालू असतानाच केली आणि त्या फेऱ्या पदरात पडेपर्यंत त्याला इंधनासाठी आत येऊ दिले नाही. शर्यत इलियटने जिंकली, अॅलन दुसरा आला. मात्र आघाडीच्या फेऱ्या अॅलनच्या 103, इलियटच्या 102. वर्षअखेरीचे गुण 4078 आणि 4068. ती एक फेरी इलियटच्या खाती गेली असती, तर दोघे समसमान होऊन अधिक विजयांमुळे अजिंक्यपद इलियटकडे गेले असते. हा ताळेबंद मी घरी कागदावर दोनदा मांडून पाहिला, बरोबर जुळतो.

अजिंक्यपदास पाच महिनेही पुरे झाले नव्हते. 1 एप्रिल 1993 रोजी ब्रिस्टलजवळ विमान कोसळून अॅलन गेला. वय 38. दुसऱ्या दिवशी त्याची शर्यतीची गाडी वाहून आणणारा मोठा ट्रक पुढे काळे पुष्पचक्र बांधून ब्रिस्टलच्या धावपट्टीवर संथपणे फिरला आणि फाटकातून बाहेर पडला.

हे सांगताना ग्रीनफिल्डचे एक आजोबा बाकावरून उठले आणि काही न बोलता घरी निघून गेले.