मागे सर, डोळे बिघडतील!



दिवाळीच्या सुटीत मी सांगलीला दादाकडे गेले होते. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच भाच्याने जाहीर केलं, "आत्या, रात्री आपल्याकडे रोबो येणार!" दादाने नवा चाळीस इंची टी.व्ही. घेतला होता आणि त्याच्या मित्राने चार दिवसांसाठी ब्लू-रे प्लेअर दिला होता. सोबत एकच तबकडी होती, 'ट्रान्स्फॉर्मर्स'ची. सिनेमा २००७ सालचा, दिग्दर्शक मायकेल बे. गंमत म्हणजे याच सिनेमाची साधी डी.व्ही.डी. दादाच्या कपाटात लग्नाआधीपासून पडून होती.

पालकांसाठी आधीच सांगते. अमेरिकेत या सिनेमावर 'पीजी-१३' असा शेरा आहे. म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांना तो दाखवायचा की नाही, हे आईवडिलांनी विचार करून ठरवावं. भाच्याला तेरा पूर्ण, पण भाची दहाचीच. म्हणून रिमोट मी माझ्या हातात ठेवला आणि दोन-तीन ठिकाणी चित्र पळवलंही.

गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परग्रहावरचे यंत्रमानव पृथ्वीवर येतात आणि मोटारींची, ट्रकची रूपं घेऊन आपल्यात राहतात. चांगल्यांचा पुढारी ऑप्टिमस प्राइम, दुष्टांचा मेगाट्रॉन. दोन्ही पक्ष शोधत असतात ते काय? तर एक जुना चष्मा! सॅम नावाच्या मुलाचे खापरपणजोबा उत्तर ध्रुवाकडे मोहिमेवर गेलेले असतात. तिथे त्यांना बर्फात गोठलेला मेगाट्रॉन सापडतो आणि त्याच्या यंत्रातल्या प्रकाशाने त्यांच्या चष्म्याच्या काचांवर एका गुप्त जागेचा पत्ता उमटतो. एवढाले अजस्र रोबो एका चष्म्यासाठी सॅमच्या घराभोवती चोरपावलांनी फिरतात, तो प्रसंग बघून वहिनीसुद्धा हसली. बाकी तिची तक्रार एकच होती, आवाज कमी करा.

भाच्याला मात्र गोष्टीत रस नव्हता. त्याला मला 'फरक' दाखवायचा होता. दोन्ही तबकड्या त्याच प्लेअरवर चालत होत्या. त्याने एकाच प्रसंगातलं चित्र आधी डी.व्ही.डी.वर थांबवलं, मग ब्लू-रेवर. "बघ आत्या!" आणि खरंच, सोफ्यावरून मला फरक दिसला. आधीच्या चित्रात ऑप्टिमस म्हणजे निळ्या-तांबड्या रंगाचा धूसर ढिगारा होता. दुसऱ्यात त्याच्या पत्र्यावरचे ओरखडे, धूळ, बोलताना गालाजवळ सरकणाऱ्या बारीक पट्ट्या, सगळं वेगवेगळं दिसत होतं.

हे कसं होतं, तर टी.व्ही.वरचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. आपल्याकडच्या डी.व्ही.डी.च्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. ब्लू-रेच्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०. करा गुणाकार! पहिला येतो ४,१४,७२०, दुसरा २०,७३,६००. आता भागाकार करा. बरोबर पाच! तेच चित्र पाचपट ठिपक्यांनी काढलेलं. आणि तबकडी तर तेवढीच, १२ सेंटिमीटर व्यासाची. मग जास्तीचे ठिपके मावले कुठे? तुम्ही बोथट पेन्सिलीने वहीच्या एका पानावर वीस ओळी लिहिता, पण टोक काढलंत तर चाळीस मावतात, तसंच हे. डी.व्ही.डी. वाचायला तांबडा लेसर असतो, त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. ब्लू-रेचा निळसर-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. त्याचं टोक बारीक, म्हणून तबकडीवरच्या खुणाही बारीक आणि दाट करता येतात. डी.व्ही.डी.च्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावते, ब्लू-रेच्या एका थरात २५.

(जाता जाता एक गंमत. हा सिनेमा ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेत आधी 'एच.डी. डी.व्ही.डी.' नावाच्या तिसऱ्याच तबकडीवर निघाला होता. ब्लू-रेशी तिची स्पर्धा होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबा कंपनीने ती तबकडी सोडून दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सिनेमा ब्लू-रेवर आला. ज्यांनी हौसेने ते प्लेअर घेतले, त्यांचं काय झालं असेल बघा!)

त्या ओरखड्यांमागे केवढे कष्ट आहेत! 'काय त्यात, कम्प्युटर करतो सगळं,' असं भाचा म्हणाला, म्हणून मी त्याला हिशेब सांगितला. हे रोबो बनवले इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने. जॉर्ज लुकास यांनी ती १९७५ साली 'स्टार वॉर्स'साठी काढली. त्यांनी संगणकात उभा केलेला ऑप्टिमस १०,१०८ तुकड्यांचा आहे. ट्रकचा रोबो होताना कोणता तुकडा कुठून कुठे जाईल, हे माणसांनी बसून ठरवलं. शिवाय यंत्र नवंकोरं दिसलं तर खोटं वाटतं, म्हणून त्यावर धूळ आणि ओरखडेही मुद्दाम 'रंगवले'. मग प्रत्येक ठिपक्यावर उजेड कसा पडेल याचं गणित संगणक करतो. काही चित्रांना म्हणे तब्बल ३८ तास लागले. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. म्हणजे तसल्या चित्रांचा एक सेकंद एकाच संगणकाने करायचा तर किती दिवस? २४ गुणिले ३८ तास, म्हणजे बरोबर ३८ दिवस! म्हणूनच तिथे एकाच वेळी शेकडो संगणक कामाला जुंपावे लागतात.

आणि सगळंच काही संगणकातलं नाही बरं का. हमरस्त्यावरच्या मारामारीत एक बस मधोमध फाटते, ती खरीखुरी बस होती. जॉन फ्रेझियर यांच्या पथकाने अशी खरी मोडतोड केली आणि स्कॉट फरार यांच्या पथकाने तीत संगणकातले रोबो बसवले. शेवटची शहरातली लढाई मात्र मला आवडली नाही. कॅमेरा इतका हलतो की कोण कोणाला मारतंय ते कळत नाही. तिथे वीस लाख ठिपके असले काय आणि चार लाख असले काय!

पण मला सांगायचं आहे ते पुढेच.

भाची टी.व्ही.समोर जमिनीवर, अगदी तीन फुटांवर बसली होती. तिची ती नेहमीचीच जागा. मी तिला आल्यापासून चारदा ओरडले होते, "मागे सर, डोळे बिघडतील!" शेवटी ती तोंड फुगवून सोफ्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. सोफा टी.व्ही.पासून नऊएक फुटांवर. नेमका तेव्हाच भाच्याने तो 'फरक' दाखवला. मी वा वा केलं, दादाने केलं. ही आपली गप्प.

"काय गं, दिसला की नाही फरक?"

"दोन्ही सारखंच तर आहे," ती म्हणाली.

भाचा खो खो हसला. "हिला काहीच कळत नाही!" मीही हसले, हे कबूल करते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून परत आपल्या तीन फुटांच्या जागेवर गेली आणि तिथून म्हणाली, "आता दिसतोय."

मित्रांनो, शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे कळायला एवढा वेळ लागावा! मी तिला पुन्हा सोफ्यावर बोलावलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तारखा वाचायला सांगितल्या. तिने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. मोठे आकडे सांगितले. त्याखालची बारीक अक्षरं दिसेनात. तीच अक्षरं भाच्याने आणि मी तिथूनच वाचली.

याचंही गणित आहे. निरोगी डोळ्याला पाच फुटांवरून साधारण अर्ध्या मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे कळतात. दादाच्या टी.व्ही.वर ब्लू-रेचे ठिपके जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पडतात, तर डी.व्ही.डी.चे सव्वा मिलिमीटरवर. म्हणून नऊ फुटांवरून चांगल्या डोळ्याला डी.व्ही.डी. ओबडधोबड दिसते आणि ब्लू-रे तलम. पण ज्या डोळ्याला त्या अंतरावरून सव्वा मिलिमीटरही सुटा दिसत नाही, त्याला दोन्ही सारखीच धूसर. ती खोटं बोलत नव्हती. तिला जे दिसत होतं तेच ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दादा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, मीही गेले. सहा मीटरवर तो अक्षरांचा तक्ता असतो ना, त्यात '६/६'च्या ओळीतलं अक्षर जेमतेम नऊ मिलिमीटर उंच असतं. भाची तिथवर पोचलीच नाही, वरच्या ओळींतच अडखळली. नंबर निघाला एका डोळ्याचा उणे सव्वा, दुसऱ्याचा उणे दीड. डॉक्टरांनी समजावलं की अशा डोळ्याचं बुबुळामागचं घर थोडं लांबट असतं. त्यामुळे दूरच्या वस्तूचं चित्र पडद्यावर पडण्याऐवजी जरा अलीकडेच पडतं. अंतर्गोल काच ते मागे, जागेवर नेऊन ठेवते.

मी भीतभीत विचारलं, "टी.व्ही.च्या फार जवळ बसते, त्यामुळे झालं का?" डॉक्टर म्हणाले, "उलटं आहे बाई. दिसत नाही म्हणून ती जवळ बसते."

चार वेळा ओरडले होते मी तिला! आणि ती तरी काय करणार? तिला वाटायचं, लांबचं सगळ्यांनाच असंच दिसतं. झाडाला पानं असतात हे ठाऊक असतं, पण लांबून झाड म्हणजे हिरवा गोळा, हे तिच्या लेखी बरोबरच होतं. फळ्यावरचं उतरवताना तिच्या वहीत ३ चा ८ व्हायचा, तेव्हा 'धांदरट' असा शेरा मिळायचा. त्या वह्या मी स्वतः चाळल्या होत्या.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी फळ्याकडे बघताना डोळे बारीक करत असेल, पहिल्या बाकासाठी भांडत असेल, किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, तर आज घरी सांगा. लाजू नका. आणि पालकहो, 'मागे सर' म्हणण्याआधी एकदा मागे सरल्यावर काय दिसतं, ते विचारा.

चष्मा मिळायला दोन दिवस लागले. प्लेअर परत करायच्या आदल्या रात्री भाचीने हट्टाने पुन्हा 'ट्रान्स्फॉर्मर्स' लावायला लावला. या वेळी ती सोफ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, चिवड्याची वाटी घेऊन बसली. रिमोट तिच्याच हातात होता. दर दोन मिनिटांनी पॉज! ऑप्टिमसचे ओरखडे तिने बोटाने हवेत मोजले. भाचा वैतागला, पण बोलला नाही. हसल्याची थोडी भरपाई त्यालाही करायची असावी.

मग खापरपणजोबांच्या त्या चष्म्याचा प्रसंग आला. तिने चित्र थांबवलं, आपला चष्मा नाकावर नीट बसवला आणि बराच वेळ टी.व्ही.कडे बघत राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "सगळे त्यातला पत्ता शोधतायत. पण त्या चष्म्याचा नंबर किती असेल गं?"

हे मात्र मला सांगता आलं नाही.