चर सगळ्यांनी खणायचे, पाणी मात्र विहीरवाल्याचं?



उन्हाळा आला की पाणलोटाच्या कामांचे फोटो फिरायला लागतात. समतल चर, दगडी बांध, श्रमदान. आणि खाली लिहिलेलं असतं, आता गावाची गरिबी हटणार. कामाला माझा विरोध नाही, पाणी अडवलंच पाहिजे. पण माती-पाणी वाचवलं की गरिबी आपोआप जाते, हे मला मान्य नाही. आणि हे मी स्वतः विहीरवाला असून बोलतोय.

सरळ हिशोब मांडू. आमच्या गायरानावर चर झाले, चराईबंदी लागली. माझी विहीर आधी संक्रांतीला तळ दाखवायची, आता पाडव्यापर्यंत उपसा चालतो. गव्हाला दोन पाणी जास्त मिळतात. फायदा झाला, नाही कशाला म्हणू? पण ते चर खणले कुणी? ज्यांना गुंठाभर जमीन नाही त्यांनी. त्यांना मजुरी मिळाली, ती महिन्यात संपली. वर गायरान बंद झालं म्हणून त्यांच्या शेळ्या बाजारात गेल्या. चर एकदाच खणायचे असतात मंडळी, पाणी दरवर्षी येतं. मजुरी एकदा आणि पाणी कायम, हा कुठला न्याय?

शेळी म्हणजे गरिबाचं बँक खातं. पोराची फी, दवाखाना, लग्नाची उचल, सगळं शेळीवर. चराईबंदीचा ठराव करताना आपण ते खातं बंद करतो आणि त्याला संवर्धन म्हणतो. मग रात्री कुणी शेळ्या सोडल्या, कुऱ्हाड चालवली, की गरिबाला पर्यावरण कळत नाही म्हणायला आपण मोकळे. अहो, त्याला सगळं कळतं. त्या डोंगरात आपला वाटा नाही, हे तर चांगलंच कळतं.

वाटा दिला की काय होतं ते आपल्याच राज्यात दिसलंय. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला पाणी नाही.

दुसरं उदाहरण हरियाणातल्या सुखोमाजरीचं. तिथल्या उघड्या टेकड्यांची माती वाहून चंदीगडच्या सुखना तलावात साठत होती. मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा तिथं गेले. टेकडीवरची चराई थांबवा म्हणून नुसतं सांगून भागलं नाही. मातीचा बंधारा झाला, त्याच्या पाण्यात भूमिहीनासकट प्रत्येक घराला वाटा ठरला, तेव्हा लोकांनी स्वतःच टेकडी राखली. तारेचं कुंपण लागलं नाही. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या, कारण घराला चारा आणि दूध मिळू लागलं.

काही जण विचारतील, भूमिहीन पाणी घेऊन करणार काय? बटईनं शेती करील, नाहीतर आपला वाटा शेजाऱ्याला देऊन पैसे घेईल. सुखोमाजरीत हेच झालं. आपण ट्रॅक्टर भाड्यानं देतो, ते चालतं. मग गरिबानं पाण्याचा वाटा दिला तर आपल्या पोटात का दुखावं?

दुसरे म्हणतील, शेळीनं डोंगर खाल्ला. खाल्लाच, कोवळं रोप ती ठेवत नाही. पण बंद केलेल्या गायरानात दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागतं. त्या गवताचा लिलाव करून ते चार म्हशीवाल्यांच्या घशात घालू नका. ज्यांच्या शेळ्या थांबवल्या, त्यांना कापून न्यायचा पहिला हक्क द्या. शेळी दावणीला राहील आणि डोंगरही राहील. आणि गवत येईपर्यंतची दोन वर्षं? तेवढा चारा गावानं पुरवायचा. विहीरवाल्यांनी एकरी थोडी वर्गणी काढली तरी होईल. माझं नाव पहिलं लिहा.

कृषी खात्यातले आणि संस्थांचे बरेच साहेब हे पान वाचतात. त्यांना एकच विनंती. अहवालात पाण्याची पातळी किती मीटर वाढली, बागायत किती हेक्टर वाढली हे लिहिता. त्याच्या शेजारी अजून दोन रकाने काढा. भूमिहीन घरांच्या शेळ्या कामाआधी किती होत्या आणि आता किती आहेत? वाढलेल्या पाण्यातलं त्यांच्या वाट्याला किती आलं? दुसऱ्या रकान्यात शून्य असेल, तर ते काम गरिबी हटवायचं नाही, विहीरवाल्यांच्या सोयीचं आहे. तसंच लिहा, निदान खोटं तरी नको.

आणि शेतकरी बांधवांनो, पुढच्या ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव आला तर हात वर करायच्या आधी विचारा, वाटपाचा ठराव कुठाय? दोन्ही एकाच कागदावर आले पाहिजेत. एकटी बंदी आली तर मी तरी हात वर करणार नाही.